दुसऱ्या बाजूची घंटी

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८, शिरूर

कंपनीनं जानेवारीत वाटलेल्या या डायरीत आजवर फक्त गॅसचा नंबर आणि बायकोच्या, अंजनाच्या हातची किराणा यादी आहे. आज मात्र लिहायलाच हवं. आज दौंडला मला पुलाची रेकॉर्ड सापडली.

मामींना भेटायला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला तासभर होता म्हणून स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडे डोकावलो. भंगार दिसलं की माझा पाय अडतो, असं बायको म्हणते, ते खरंच आहे. रद्दीच्या गठ्ठ्याखाली दहा-बारा रेकॉर्डी होत्या आणि सगळ्यांच्या तळाला ती. काळं कव्हर, त्यावर जळणारा पूल, आणि बँडचं नाव अशा वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत की मला ते तेव्हाही वाचता आलं नव्हतं आणि आजही नाही. एक कोपरा उंदरानं खाल्लेला. मी तिथंच उकिडवा बसलो. भंगारवाला म्हणाला, "क्या हुआ चाचा, चक्कर आया?" त्रेचाळीसाव्या वर्षी चाचा झालो. असो.

मॅट्रिकला आपटी खाल्ली तेव्हा वडिलांनी मला दौंडला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये धाडलं होतं. ७३ साल असेल. पलीकडच्या लायनीत एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचा बंगला होता. त्यांचा मुलगा लेस्ली माझ्याच वयाचा. अशीच रेकॉर्ड त्याच्याकडं होती, काकानं इंग्लंडहून पाठवलेली. आमच्या घरी तोवर मेंढरं होती, आणि वाजवणं म्हणजे ढोल, एवढंच मला माहीत. लेस्लीनं सुई टेकवली आणि मला वाटलं शेजारची भिंत पडली. "हार्ड रॉक है ये," तो म्हणाला. दोन वर्षं मी जवळजवळ रोज संध्याकाळी त्या बंगल्याच्या पायरीवर होतो. शब्द एक कळत नव्हता, पण अंगातून काहीतरी धावायचं.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लांबलचक. त्यात एक जागा अशी येते की सगळा दणदणाट एकदम थांबतो. गिटारची नुसती घुमघुम राहते आणि तिच्या आत कुठंतरी एक बारीक घंटी वाजते. सात वेळा. मग शेवटचा तडाखा. पहिल्यांदा ऐकताना मी गाणं संपलं म्हणून उठायला लागलो, तर लेस्लीनं बोट वर केलं. "रुक. सुन." ती घंटी मी आजवर विसरलेलो नाही. पंचाहत्तरला लेस्लीच्या घरचे सगळे ऑस्ट्रेलियाला गेले.

घंटीचं मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. अंजनाला आणि आमच्या पोरीला, हर्षदाला, मी तसंच बोट वर करून थांबवणार आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

रेकॉर्ड आहे, वाजवायला मशीन नाही. बैल नाही आणि कासरा घेतला, अशातली गत. म्हणून आज मांडवगण फराट्याला सर्जेरावआबांकडे गेलो. आबांची साउंड सर्व्हिस एके काळी नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होती. लग्न असो की जत्रा, झाडावर कर्णा बांधून त्याखाली आबा मशीन घेऊन बसलेले. कॅसेटी आल्या आणि धंदा पुतण्यानं घेतला.

मशीन माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं होतं. आबांनी ते उतरवताना मला हात लावू दिला नाही.

"काय वाजवायचंय त्याच्यावर?"

"इंग्रजी हाय आबा. लई दणक्याचं."

"आँ?"

"इंग्रजी!"

"मग असं बोल की मोठ्यानं. ने. वाजव. पर इकू नगं, आन् सुईला बोट लावू नगं."

सत्तरी ओलांडली तरी माणूस ताठ आहे. तीस वर्षं कर्ण्याखाली बसून कान मात्र गेले बिचाऱ्यांचे. माझं नशीब म्हणायचं की आमच्या खानदानात कानाला तोड नाही. वडील अंधारात घुंगरावरून मेंढी ओळखायचे.

येताना फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उसाच्या कडेला उभा राहिलो. पूर्वी दिवेलागणीला इथं रातकिड्यांनी डोकं उठायचं. आता चिडीचूप. फवारण्या करून करून तेही संपवले लोकांनी.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

मशीन कपाटावर मांडलं. आमचं घर नगर रोडला लागून, ट्रक गेला की कपाट हादरतं आणि सुई उडी मारते. मी नामी उपाय काढला. कंपनी आम्हाला दर महिन्याला कानात घालायचे पिवळे बोळे देते. स्पंजासारखे मऊ असतात. रजिस्टरवर सही करायची आणि खिशात टाकायचे, ही पत्रा ठोकून पार्ट काढणाऱ्या आमच्या प्रेस शॉपची रीत. बिस्किटाचा डबा भरून साठले होते. चार-चार बोळे मशीनच्या चारी पायांखाली चिकटवले. आता लोडेड ट्रेलर जाऊ दे, सुई ढिम्म.

बोळे कानात घालत नाही ते काही आळसानं नाही. प्रेस बोलत असते, तिला ऐकावं लागतं. डाय, म्हणजे साचा, सैल झाली की ठोक्याचा आवाज आधी बदलतो, माल नंतर बिघडतो. एकवीस वर्षांत मी एकदाही चुकलेलो नाही. कालच सुपरवायझरनं मला दुसऱ्या लायनीवरून बोलावलं, "कोकरे, जरा या प्रेसला कान द्या." मी दोन ठोके ऐकले आणि बोल्ट दाखवला.

रेकॉर्ड लावली. काय सांगू. ड्रम जसेच्या तसे छातीवर आले. पंचवीस वर्षं मध्ये गेलीच नाहीत असं वाटलं. आणि रेकॉर्ड इतकी स्वच्छ की खरखर नावाला नाही. हर्षदा मात्र कानावर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, केवढं चरचरतंय हो." अकरावीतली पोरगी, तिला कॅसेटची सवय. मी हसलो.

दुसरी बाजू लावली. जागा आली. सगळं थांबलं. मी बोट वर केलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

घंटी आलीच नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

सुई जुनी, हेच कारण असणार. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन दोन दुकानं पालथी घातली, तिसऱ्यात सुई मिळाली. घरी येऊन लावली. ड्रम अजून खणखणीत झाले. घंटी नाही.

दुसरा विचार असा की ही रेकॉर्ड लेस्लीच्या रेकॉर्डसारखी विलायती नसून इकडं छापलेली असेल आणि छापताना बारीकसारीक गाळलं असेल. आपल्याकडं काय, मापात पाप. तिसरा विचार मला आवडत नाही. तो असा की घंटी कधी नव्हतीच आणि अठरा वर्षांच्या पोरानं ती मनानं रचली.

अंजनाचं लक्ष नव्हतं तिकडं. तिनं जेवायला चार हाका मारल्या म्हणे. एक तर ही माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, नाही तर एकदम अंगावर ओरडतात. घरात मधला आवाजच राहिलेला नाही. मी चिडलो. नंतर वाईट वाटलं.

रविवार, २९ नोव्हेंबर

निकाल लागला. रेकॉर्ड घेऊन आबांकडे गेलो होतो. पुतण्याच्या दुकानातल्या मशीनवर लावली. आबांना घंटीचं आधीच सांगितलं, कारण त्यांची परीक्षा घ्यायची नव्हती, साक्ष हवी होती. आबांनी डोळे मिटले, कानाला हात लावला, जागा येऊन गेली.

"न्हाई," आबा म्हणाले. "घंटीबिंटी काय न्हाई. तुझी रेकॉर्ड झिजलीय मल्हारा. बारीक आवाज आधी झिजत्यात. माझ्या समद्या रेकॉर्डी अशाच झिजल्या. पार शेवटी शेवटी बासऱ्या सुदिक ऐकू यायच्या न्हाईत."

तीस वर्षांचा अनुभव बोलला. दोघांनाही ऐकू आली नाही म्हणजे दोष रेकॉर्डचाच. पुतण्या गल्ल्यावर बसून काहीतरी बोलला, त्याच्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही. मन हलकं झालं. वाईटही वाटलं, पण झिजलेल्या वस्तूवर रागवून काय करणार.

सोमवार, ७ डिसेंबर

नोटीस लागली. १९ तारखेला कानाच्या टेस्टची गाडी येणार. शॉपमध्ये दिवसभर तोच विषय. टेस्टमध्ये नापास झाला की माणूस प्रेसवरून उचलून स्टोअरला टाकतात. स्टोअर म्हणजे खोकी मोजायची आणि कार्डं भरायची. आम्ही त्याला पांजरपोळ म्हणतो.

विश्वजीत माझ्या शेजारच्या प्रेसवर असतो, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. नव्या लोकांना तो जेवणाच्या सुट्टीत युक्ती शिकवत होता. गाडीतल्या काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, आवाज आला की बोट वर करायचं. "आवाजाकडं ध्यान दिऊ नका. बाई बटन दाबती तवा तिचं कोपार हलतंय. कोपार हाललं की बोट वर. मल्हारदादा दोन वर्सं असंच पास झाल्यात. व्हय का न्हाई दादा?"

मी हसून मान हलवली. सगळेच करतात. मीही गंमत म्हणूनच केलं होतं, माझ्या कानाला त्याची गरज होती म्हणून नव्हे.

पण घरी येताना बसमध्ये हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. गरज नव्हती, तर मग मी कोपराकडं का बघत होतो?

रविवार, १३ डिसेंबर

हर्षदा आज आपणहून म्हणाली, "पप्पा, ती पुलाची रेकॉर्ड लावा की. वर्गातल्या पोरींना सांगितलं तर कुणाला खरं वाटत न्हाई." मी लावली. ती जमिनीवर बसून शेंगा फोडत होती, मी पेपर चाळत होतो. दुसरी बाजू संपत आली. सगळं थांबलं, आणि तिनं शेंगा फोडायचं थांबवलं.

तडाखा होऊन गेल्यावर म्हणाली, "ही मधीच घंटी कसली वाजती वो?"

मी विचारलं, "कुठली घंटी?"

"आत्ता वाजली ती. बारीक. सात-आठ येळा."

मी तिला पुन्हा लावून दाखवायला सांगितलं. तिनं स्वतः सुई ठेवली, अगदी त्या जागेवर. घुमघुम सुरू झाली. हर्षदा दर वेळी बोट हलवत होती. एक, दोन, तीन. सात झाल्यावर थांबली. माझ्या कानात नुसती घुमघुम.

मी तिच्यावर ओरडलो. उगाच थापा मारतेस म्हणालो. ती शेंगांची पाटी घेऊन आत गेली.

सोमवार, १४ डिसेंबर

मी तिला घंटीबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. आबांना सांगितलं होतं, तिला नाही.

बुधवार, १६ डिसेंबर

विश्वजीतकडं गजराचं मनगटी घड्याळ आहे. कॅन्टीनमध्ये ते मागून घेतलं. गजर लावून डाव्या कानाशी धरलं. काही नाही. बंद पडलं असेल म्हणून बघितलं तर समोरच्या टेबलावरची तीन माणसं माझ्याकडं वळून बघत होती. उजव्या कानाशी धरलं, तेव्हा फार लांबून कुणी चिमणी दाबून धरल्यासारखं काहीतरी आलं.

घड्याळ परत दिलं. विश्वजीतनं विचारलं, "काय दादा, बिघाडलं का?" मी म्हणालो, चांगलं आहे.

मला भीती वाटते. हे इथं लिहितो, दुसरीकडं कुठं बोलणार. प्रेस ऐकू येते, ड्रम ऐकू येतात, ट्रक येतो. म्हणून मला वाटलं सगळंच येतं. जे येत नाही ते येत नाही हे माणसाला कळावं कसं? आणि हे कळल्यावर शनिवारी त्या खोलीत बसून मी काय करायचं? कोपराकडं बघितलं तर पुढचं वर्षभर प्रेस माझी. एकवीस वर्षं जे काम केलं त्यात मला मान आहे. स्टोअरमध्ये मल्हार कोकरेला कोण विचारणार? पण उजवा कान अजून थोडा शिल्लक आहे. तोही प्रेसला द्यायचा का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर सोपं आहे आणि मला ते नको आहे.

शनिवार, १९ डिसेंबर

माझा नंबर अकरावा होता. खोलीत बसलो. काचेपलीकडं बाई, तिचं कोपर स्पष्ट दिसत होतं. हेडफोन लावला. मी डोळे मिटले.

पहिले जाड आवाज आले, मी बोट वर केलं. मग थोडे बारीक, तेही आले. मग काहीच येईना. मी वाट बघत राहिलो. फार वेळ गेला. आपण किती वेळ असे बसलो आहोत, ते या शांततेत कळत नाही. एकदा तर डोळे उघडावेसे वाटले, पापण्या थरथरल्या. उघडले नाहीत. शेवटी बाईंनी दार उघडून खांद्याला हात लावला. "काका, झालं केव्हाच."

डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडून बरा चाललेला आणि मधूनच कडा तुटावा तसा खाली गेलेला. म्हणाले, "मागच्या दोन वर्षी तुमचा आलेख चांगला होता. एका वर्षात एवढं पडत नाही." मी खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "गेलेलं परत येणार नाही," म्हणाले, "राहिलेलं राखता येईल. पण प्रेसपासून लांब राहून."

सोमवारपासून स्टोअर. गाडीच्या बाहेर विश्वजीत उभा होता.

"दादा, कोपार दिसलं न्हाई व्हय?"

"दिसत व्हतं."

"मग?"

मी म्हणालो, तूही डोळे मिटून टेस्ट दे. तो हसला. मग त्याला कळलं की मी हसत नाहीये, आणि तो गाडीची पायरी चढला. आत जाऊन त्यानं काय केलं ते मला माहीत नाही. त्याच्या घरात दोन लहान पोरं आहेत.

रविवार, २० डिसेंबर

काल घरी सांगितलं नाही. आज दुपारी जेवणं झाल्यावर दोघींना बसवलं आणि सांगितलं. वाटलं होतं रडारड होईल. अंजनानं पानं गोळा करता करता ऐकून घेतलं.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. तुमाला सांगाया गेलं की तुमी म्हणायचा, आमच्या खानदानात कानाला तोड न्हाई."

मग मी हर्षदाची माफी मागितली, थापा मारतेस म्हणालो त्याबद्दल. पोरीची माफी मागायची सवय नाही, शब्द अडखळले. ती खाली बघत राहिली. मी म्हणालो, आता एक काम कर. मला या घरात काय काय ऐकू येत नाही ते सांग. सगळं सांग, मला राग येणार नाही.

तिला आधी ती गंमत वाटली. बोटं मोजत सांगायला लागली. भिंतीवरचं घड्याळ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची फुसफुस. दाराची बेल, म्हणून तर सगळे कडी वाजवतात. फोनची रिंग, तुम्ही खुर्चीत बसलेले असलात तरी. पलीकडच्यांचं बाळ. मांजराचं ओरडणं, ते दुधासाठी तुमच्याच पायाशी ओरडत असतं. मी हसत होतो. अंजनापण हसत होती.

मग ती थांबली. आईकडं बघितलं.

"सांग की," अंजना म्हणाली.

"आन् मी गाते ते."

मी विचारलं, कुठं गातेस?

"इथंच. सैपाक करताना. धुणं धुताना. रोज."

अंजना म्हणाली, "चांगला गळा हाय. बायका वट्ट्यावर थांबून ऐकत्यात."

मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, सातवीपासून. मी विचारलं, "मग मला कधी सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता बहुतेक, कारण तिनं मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही तिथंच बसलेले असायचा पप्पा. मी गायचे आन् तुम्ही पेपर वाचायचा. कधी मान वर केली न्हाई. मला वाटलं तुम्हाला आवडत न्हाई."

चार वर्षं. त्याच खोलीत. आणि मी सुया बदलत होतो, पुण्याला जात होतो, आबांची साक्ष काढत होतो.

मी तिला उजव्या बाजूला बसायला सांगितलं, कानाजवळ, आणि म्हणालो, म्हण. ती लाजली. आईनं दटावल्यावर तिनं सुरू केलं. पहिली ओळ आली. थोडी धुरकट, पण आली. दुसऱ्या ओळीत ती वर गेली आणि आवाज नाहीसा झाला. नुसते ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती. ती खाली उतरली तेव्हा पुन्हा सापडली. पुन्हा वर गेली, पुन्हा गेली. मी तिला थांबवलं नाही. संपल्यावर तिनं विचारलं, "आलं का ऐकू?"

मी खोटं बोलणार होतो. नाही बोललो. म्हणालो, "अर्धं आलं. जरा खालच्या पट्टीत म्हणतेस का?"

तिनं घसा साफ केला, पट्टी खाली घेतली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली.